तळं की मातीचा खड्डा?

फील्डवर्कमध्ये ओढ्याकाठी गवताने भरलेली खोलगट जागा दिसली, की नकाशावर 'जुनं तळं' लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. थांबा. आधी एवढंच बघा: इथली माती गेली कुठे?

शेततळं खणताना निघालेली माती सहसा काठाच्या बांधावरच टाकतात. वीटभट्टीवाल्याला किंवा कुंभाराला मातीच हवी असते, त्यामुळे ती वाहून नेलेली असते. काठावर बांध नसतो. एका बाजूला गाडी उतरवायचा उतार सापडू शकतो. जवळपास राख, विटांचे तुकडे, वितळून चिकटलेले खंगर मिळाले तर वीटभट्टीचा पुरावा भक्कम.

आता वय. अमेरिकेच्या कोरोना उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान टिपलेली छायाचित्रं १९९५ मध्ये खुली झाली. त्यांत खड्डा दिसला, तर तो किमान तेवढा जुना. दिसला नाही, तर मात्र लगेच 'नंतरचा' म्हणू नका. लहान खड्डे त्यांत सुटतात. तिथे गावातल्या जुन्या माणसांना विचारा.

एवढा खटाटोप कशाला? कारण असे खड्डे तळी म्हणून मोजले, तर गावाने कधी बांधलेच नाहीत असे तलाव तुमच्या प्रबंधात उभे राहतात.