गॉलवेचा स्वेटर आणि गुहागरची नथ

आश्विनातल्या गुहागरात लोकरीचा स्वेटर! वाचकहो, हसू नका. दोन दिवाळ्यांपूर्वी माझी भाची आपल्या नवऱ्याला घेऊन डब्लिनहून आली, तेव्हा जावईबापूंनी आजेसासूच्या पुढ्यात हाच आहेर ठेवला. बाहेर पोफळीचे पान हलत नव्हते, घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि आमची आई तो जाडजूड सायीच्या रंगाचा स्वेटर मांडीवर घेऊन त्याचे टाके मोजीत बसली होती.

जावई गॉलवेकडचा, म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा. त्या किनाऱ्यासमोर अॅरन नावाची तीन बेटे आहेत. हे स्वेटर मूळचे तिथले. त्यावरचे पीळ म्हणजे कोळ्यांचे दोर, असा अर्थ लावतात. प्रत्येक घराण्याची वीण निराळी, बुडालेल्या माणसाचे प्रेत त्यावरून ओळखू येई, असेही सांगतात. आई ऐकून गप्प झाली. समुद्रकाठच्या माणसाला असली गोष्ट चटकन लागते. पण जावई प्रामाणिक! तो म्हणाला, ही नुसती दंतकथा आहे. सिंग या नाटककाराच्या १९०४ सालच्या एका नाटकात बुडालेल्या माणसाची ओळख त्याच्या पायमोज्याच्या गळलेल्या टाक्यांवरून पटते. पुढे त्याचीच घराण्यांची वीण झाली. स्वेटर तरी कुठे पुरातन आहे? त्याचे आजचे रूप गेल्या शतकातलेच.

भाचीच्या बोटात अंगठीही तिकडचीच होती. दोन हातांनी धरलेले हृदय, वर मुकुट. गॉलवेजवळच्या क्लाडा या कोळीवाड्याचे नाव तिला पडले आहे. हृदयाचे टोक बोटाच्या अग्राकडे की मनगटाकडे, यावरून बाई मोकळी की कुणाची झालेली, ते कळते म्हणे. "म्हणजे आपले मंगळसूत्रच की," आई म्हणाली.

या दोन किनाऱ्यांचे नाते आता नवे राहिलेले नाही. मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, २०१७ साली आयर्लंडचा पंतप्रधान झाला आणि २०१९च्या डिसेंबरात वराडला येऊनही गेला. पण भाचीच्या मनात काही वेगळेच होते. १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, तिथे सगळे गाव हिरवे होते. टोप्या हिरव्या, गळपट्टे हिरवे, छातीवर तीन पानांचा शॅमरॉक. "आत्या, मी हिरवी नऊवारी नेसणार आणि आजीची नथ घालणार," तिने जाहीर केले.

नऊवारीचे जमण्यासारखे होते. हल्ली शिवलेली मिळते, पायजम्यासारखे पाय घातले की झाले. मला ती मुळीच आवडत नाही, पण परदेशात कासोटा सुटला तर सावरायला कोण धावणार?

नथीचे मात्र तसे नव्हते. वडील २००९ साली गेले, त्या दिवसापासून ती पितळी डबीत होती. आईने डबी आणली. मोती थोडे पिवळे पडले होते, मधला लाल खडा तसाच. भाची म्हणाली, "आजी, आधी तू घाल ना. मला पाहायचंय." मी तिच्यावर डोळे वटारले. "असं बोलू नये," म्हणालेसुद्धा. मी, जन्मभर मुलींना शहाणपण शिकवणारी बाई!

आई काही बोलली नाही. डबीच्या तळाशी घडी केलेला कागद होता, तो तिने माझ्या हातात दिला. वर्तमानपत्राचे कात्रण होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२च्या मे महिन्यात ठराव केला होता, की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. पुढे सरकारनेही तो कित्ता इतर गावांनी गिरवावा असे कळवले. म्हणजे ते कात्रण नथीखाली ठेवून आई कधीपासून वाट पाहत होती. कुणी विचारील याची? मला तर कधी सुचले नव्हते.

"शास्त्रात काय लिहिलंय?" मी उगीच पुटपुटले. खरे तर शास्त्राचे मला ठाऊक होते. आपल्याच जिल्ह्यातल्या देवरुखचे प. कृ. गोडे यांनी नथीचा इतिहास धुंडाळला होता, आणि प्राचीन संस्कृत वाङ्मयात नाकातल्या दागिन्याचा मागमूस त्यांना लागला नव्हता. ज्या नथीवाचून लक्ष्मीही आपल्याला अपुरी दिसते, ती या देशात उशिराच आली. मग ती कुणी घालायची आणि कुणी नाही, हे नियम तरी किती जुने असणार?

आईने बोटावर खोबरेल घेतले, नाकपुडीला चोळले आणि आरशाशिवाय नथ चढवली. भोक बुजले नव्हते. डोळ्यांत पाणी आले, ते तारेमुळे असे ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. ती तशीच व्याडेश्वराच्या दर्शनाला निघाली. वाटेत दोन बायका थबकल्या. एकीने तोंड फिरवले. दुसरी जवळ आली आणि म्हणाली, "काकू, मोती ओवून घ्या हो, सैल झालेत."

निघायच्या दिवशी भाचीने डबीकडे पाहिले. आई म्हणाली, "पुढच्या खेपेस ने. मी आत्ता कुठे घालायला लागले आहे."

भाचीने चिपळूणच्या बाजारातून चापाची नथ घेतली. मार्चात तिचा फोटो आला: हिरवी नऊवारी, नाकात नथ, पदरावर शॅमरॉक, आणि थंडीने वरून सासूबाईंचा अॅरन स्वेटर.