अमूर हनीसकल

(लॅ. लोनिसेरा माकिआय, कुल–कॅप्रिफोलिएसी). हे पानझडी झुडूप मूळचे ईशान्य आशियातील असून अमूर नदीचे खोरे, ईशान्य चीन, कोरिया व जपान येथे रानात वाढते. जातिवाचक नाव अमूर प्रदेशाचे रशियन संशोधक रिचर्ड माक (१८२५–८६) यांच्यावरून पडले आहे. हनीसकल म्हटले की सामान्यतः मांडवावर चढविलेली वेल (लो. जपोनिका) डोळ्यांसमोर येते, ही जाती मात्र वेल नव्हे.

उंची सु. ५ मी.; फांद्या आतून पोकळ. पाने साधी, समोरासमोर, अंडाकृती व लांबट टोकाची. फुले सुवासिक, पानांच्या बगलेत जोडीने वसंताच्या अखेरीस येतात. प्रथम पांढरी असून नंतर पिवळी होतात. पुष्पमुकुट द्व्योष्ठक, केसरदले ५, किंजपुट अधःस्थ. मृदुफळे लहान, गोल व लालभडक असून हिवाळ्यातही झुडपावर टिकतात.

शोभेसाठी १८९८ मध्ये ही वनस्पती न्यूयॉर्क वनस्पती उद्यानात आणली गेली. पुढे मृदा-संधारण व पक्ष्यांना खाद्य म्हणून अमेरिकेच्या शासकीय यंत्रणेनेच तिच्या लागवडीचा पुरस्कार केला. पक्ष्यांनी बिया दूरवर नेल्या व ओहायओ, केंटकी इ. राज्यांतील वनांत ती तण म्हणून माजली. तिला स्थानिक झुडपांच्या आधी पालवी फुटते आणि तिची पाने शरदाच्या अखेरपर्यंत हिरवी राहतात. वृक्षांना पालवी फुटण्यापूर्वीच्या थोड्या दिवसांच्या उन्हावर ज्या लहान रानफुलांचे जीवन अवलंबून असते, त्यांना त्यामुळे ते ऊनच मिळत नाही. वृक्षांची रोपेही खुरटतात. पक्ष्यांचा लाभही संशयास्पदच होय : फळांत स्निग्धांश कमी असतो आणि या बिनकाटेरी झुडपांतील रॉबिन पक्ष्यांची घरटी भक्षकांच्या तावडीत अधिक सापडतात.

नुसती छाटणी केल्यास बुंध्यापासून अनेक नवे फुटवे येतात. म्हणून लहान रोपे मुळासकट उपटतात व मोठी तोडून लगेच बुंध्यावर तणनाशक लावतात. हे काम शरदाच्या अखेरीस सोयीचे पडते, कारण इतर झाडे निष्पर्ण झाली असता हीच तेवढी हिरवी दिसते.

जपानमध्ये मात्र हीच जाती दुर्मिळ असून धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या तेथील यादीत तिची नोंद आहे.