जनुकांची लांबलेली यादी आणि किनवट

नांदेड जिल्ह्यातल्या किनवट-माहूर पट्ट्यात ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरं समजावून सांगावी लागत नाहीत. एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे सिकलसेलचा रुग्ण. या आजाराचं मूळ हिमोग्लोबिनमधल्या एकाच अमिनो आम्लाच्या अदलाबदलीत आहे, हे १९५७ सालीच कळलं होतं. पण मग एसएस असलेल्या दोन भावंडांपैकी एकाला हाडं पिळवटणाऱ्या वेदना वारंवार होतात, रक्त चढवावं लागतं आणि दुसरं त्या मानानं बरं राहतं, असं का होतं? दोष तोच, घर तेच, पाणी तेच.

अशाच प्रश्नांसाठी एक पद्धत गेल्या वीस वर्षांत वाढली. हजारो माणसांच्या जनुकसंचात लाखो ठिकाणची डीएनएची अक्षरं तपासायची, आणि कोणतं अक्षर आजारी माणसांत जास्त वेळा येतं ते मोजायचं. कुठल्या जनुकावर संशय आहे, हे आधी ठरवायचं नाही. संशोधक तिला ‘जी-वॉस’ म्हणतात. २००५ साली म्हातारपणी दृष्टी घालवणाऱ्या एका नेत्रविकारासाठी ९६ रुग्ण आणि ५० निरोगी माणसं एवढ्यावर एक जनुक हाती लागलं. असं नशीब पुन्हा फारसं कुणाला लाभलं नाही. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासाला सात आजारांसाठी १७,००० माणसं लागली. २०२२ साली माणसाच्या उंचीसाठी ५४ लाख लोकांची माहिती एकत्र केली, तेव्हा १२,००० हून अधिक जागा सापडल्या. टीकाकार विचारतात, एवढ्या जागांचं करायचं काय? प्रश्न रास्त आहे. एकेका जागेचा प्रभाव जेमतेम असतो, आणि ती जागा नेमकं काय करते हे बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

सिकलसेलनं मात्र या टीकेला चोख उत्तर दिलं. आईच्या पोटात बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं. काहींमध्ये ते मोठेपणीही थोडं टिकून राहतं आणि तांबड्या पेशींना विळ्याचा आकार घेऊ देत नाही. हे टिकणं कशावर ठरतं, याचा एक धागा १९९० च्या दशकात भारतीय वंशाच्या एका मोठ्या कुटुंबाच्या अभ्यासातून सहाव्या गुणसूत्रापर्यंत पोचला होता. दुसरा धागा जी-वॉसनं दिला. २००७ मध्ये लंडनच्या गटानं आणि २००८ मध्ये सार्डिनिया बेटावरच्या अभ्यासानं ‘बीसीएल-११-ए’ या जनुकाकडे बोट दाखवलं. बाळाचं हिमोग्लोबिन बंद करणारी कळ तीच. पुढं २०१३ मध्ये ती कळ फक्त तांबड्या पेशींपुरती चालवणारा डीएनएचा तुकडा सापडला, आणि तोच कापणारा ‘कॅसजेव्ही’ हा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाला. किंमत २२ लाख डॉलर, शिवाय आधी कडक केमोथेरपी. किनवटच्या कुटुंबाच्या दृष्टीनं हा आकडा असून नसल्यासारखा.

दुसरी अडचण पैशाची नाही. या अभ्यासांतली बहुतांश माणसं युरोपीय वंशाची आहेत, त्यामुळे तिथला हिशेब इथं जसाच्या तसा लागू पडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ‘एफटीओ’ जनुक तपासलं. युरोपात ते लठ्ठपणातून मधुमेहाकडे नेतं असं दिसलं होतं. इथं मधुमेहाशी त्याचं नातं घट्ट निघालं, पण लठ्ठपणातून त्याचा पुरता उलगडा होईना. सडपातळ माणसाच्या पोटाभोवती साठणारी चरबी पाहिलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. म्हणूनच तिकडच्या आकड्यांवरून ‘तुमचा जनुकीय धोका’ सांगणाऱ्या अहवालांवर माझा भरवसा नाही.

‘जीनोम इंडिया’ या प्रकल्पानं ८३ समाजगटांतल्या सुमारे दहा हजार लोकांचा जनुकसंच वाचला, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांना खुली झाली. सुरुवात म्हणून हे मोठं काम आहे, पण जातीतच लग्नं करणाऱ्या आपल्या देशात इथं एक सापळा आहे. समजा, मधुमेहाचे रुग्ण लातूर शहरातून घेतले आणि निरोगी माणसं किनवटच्या गोंड, कोलाम वस्त्यांतून. मग जो फरक दिसेल तो समाजांमधला असेल. मधुमेहाचा त्यात संबंध असेलच असं नाही. गणितानं हा दोष बराच काढता येतो, पण त्यासाठी गावोगावचे नमुने आणि नीट नोंदी लागतात.

सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेनं बिरसा मुंडांच्या नावानं विकसित केलेलं ‘बिरसा १०१’ हे जनुक-संपादनाचं तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं आहे. ते रुग्णांपर्यंत पोचायला अवकाश आहे. तोवर आधार हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीचा. तीही बाळाचं हिमोग्लोबिन वाढवूनच काम करते, स्वस्त आहे, फक्त रक्तातल्या पेशी वेळोवेळी मोजाव्या लागतात. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीच्या अहवालात बाळाच्या हिमोग्लोबिनची टक्केवारी छापूनच येते. ती आणि वेदनेचे झटके रुग्णाच्या कार्डावर वर्षानुवर्षं लिहिले गेले, तर डॉक्टरला गोळीची मात्रा ठरवता येईल, आणि त्या दोन भावंडांतला फरक शोधणाऱ्याला किनवटचीच माहिती मिळेल.