गळ टाकून बसायला एक जागा

मासळीबाजारात कोळणीशी घासाघीस करायची ती आपण, आणि गळ टाकून निवांत बसायचं ते पुरुषांनी, ही वाटणी कुणी केली कोण जाणे! सुट्टी लागली की मुलगे पाण्यावर पळतात आणि मुलींच्या वाट्याला येतं ते फक्त ‘पाण्याकडे जाऊ नकोस.’ खरं तर या छंदाला लागतं काय? बांबूची काठी, दोरा, गळ, कणकेची गोळी नाहीतर गांडूळ, आणि भरपूर धीर. धीर तर आपल्याकडे आहेच की!

आमचं पनवेल म्हणजे तळ्यांचं गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे अशी किती नावं सांगू! शिवाय गाढी नदी आणि पुढे खाडी. २०१६ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. वडाळे तलावाचं सुशोभीकरण झालं, काठाने चालायची वाट झाली. बायका तिथे फिरायला येतात, हे पाहून बरं वाटतं. पण मुलांना घेऊन गळ टाकून बसावं, अशी राखून ठेवलेली जागा आपल्याकडच्या बागांमध्ये सहसा नसतेच.

मुंबईच्या पवई तलावाचं उदाहरण बघा. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या या तलावाचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत. पण तिथे गळाने मासे पकडणाऱ्यांची ‘महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन’ ही जुनी संस्था आहे. सभासद व्हायचं, नियम पाळायचे आणि छंद जोपासायचा. तलावात मगरी आहेत, तेव्हा पाण्यात पाय सोडून बसणं मात्र नाही!

आपल्या गावच्या तळ्यावर जाण्याआधीही थोडी चौकशी करावी. पुष्कळ तलावांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो. ठेकेदाराने किंवा मच्छीमार सोसायटीने पैसे खर्चून रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलेलं असतं. तिथे न विचारता गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतातली भाजी खुडणंच. म्हणून आधी पालिकेत विचारावं, काठावरचा फलक वाचावा. लहान मुलांना पाण्याजवळ एकटं सोडू नये. तुटलेला नायलॉनचा दोरा घरी आणावा, त्यात पाय अडकून पक्षी मरतात.

आणखी एक गोष्ट. पहिल्या पावसात आपल्या रायगडात वलगणीचे मासे पकडायची झुंबड उडते. चव न्यारी, हे कबूल! पण हे मासे अंडी घालायलाच प्रवाहाच्या उलट चढत असतात. गाबोळी भरलेली मादी ताटात आली, की पुढच्या वर्षीची मासळी त्याच ताटात संपते. निदान या दिवसांत तरी गळ आणि जाळं घरी ठेवूया.

मासा आपल्याला तळ्याची तब्येतही सांगतो. सांडपाणी आणि निर्माल्य पाण्यात कुजलं की त्यातला प्राणवायू संपत जातो. रात्री पाणवनस्पतीही तो वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. सकाळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर समजावं की तळं गुदमरतंय. अशा तळ्यातला मासा घरी शिजवू नये. निर्माल्य कलशात आणि मूर्ती कृत्रिम हौदात गेली, तर देव काही रागावणार नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गावातल्या तळ्याचं सुशोभीकरण निघालं, की बचत गटातर्फे एक अर्ज जरूर द्या. कारंजी आणि रंगीत दिवे लावा, पण आधी सांडपाण्याची गटारं वळवा आणि काठावर कठडा असलेली, सावलीची, गळ टाकून बसण्यापुरती जागा ठेवा, असं त्यात लिहा. मासे असलेलं तळं म्हणजे जिवंत तळं. आणि जिथे आया-लेकी तासभर निवांत बसतात, त्या तळ्यात कचरा टाकायला कुणाचा हात सहजासहजी धजत नाही.