एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक

खानदेशातल्या आपल्या बहुतेक घरांत संगणक असलाच तर एकच असतो. अब्बूंच्या दुकानाचे हिशेब त्यातच, मुलीचा कॉलेजचा अभ्यास त्यातच, धाकट्याचे गेम त्यातच आणि घरातल्या सगळ्या शादींचे फोटोही त्यातच. अशा घरात मुलीने ‘कॉलेजात लिनक्स शिकवतात, घरच्या संगणकावर टाकून बघू का?’ असे विचारले की मोठ्यांचा जीव वर-खाली होतो. ही भीती खोटी नाही. डिस्कचे भाग पाडताना एक चुकीचे बटण दाबले गेले तर दहा वर्षांचे फोटो क्षणात जातात.

या अडचणीवर फुकट मिळणारा एक उपाय आहे आणि आपल्याकडची मुले तो वापरू लागली आहेत. जळगाव आणि धुळ्यातल्या ओळखीच्या घरांत, कॉलेजच्या मुलामुलींकडे आणि उर्दू-मराठी डीटीपी करणाऱ्या दुकानांत आम्ही त्याची चौकशी केली. जे ऐकले आणि स्वतः करून पाहिले ते इथे मांडत आहोत.

उपायाचे नाव व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक. एक सॉफ्टवेअर आपल्या विंडोजमध्ये नेहमीसारखेच बसवायचे. ते एका खिडकीत दुसरा आख्खा संगणक उभा करते. त्याला स्वतःची मेमरी असते, स्वतःची डिस्क असते, आणि तो आपला सुरू होतो, आपला बंद होतो. त्याची डिस्क म्हणजे आपल्या खऱ्या डिस्कवरची एक मोठी फाइल, बाकी काही नाही. आत काहीही बिघडले तरी ती फाइल पुसायची आणि नव्याने सुरुवात करायची. बाहेरचे फोटो, हिशेब जागच्या जागी राहतात.

तांत्रिक भाषेत खऱ्या संगणकाला होस्ट आणि आतल्याला गेस्ट म्हणतात. जळगावच्या मेहरूण भागातल्या बीसीएच्या एका विद्यार्थिनीने दादीला हे समजावताना मेजबान आणि मेहमान असे शब्द वापरले, आणि दादीला ते लगेच कळले. मेहमानाला एक खोली द्यायची, खाणेपिणे आपल्याच घरातले, पण कपाटाची किल्ली द्यायची नाही. आम्हाला यापेक्षा सोपी व्याख्या मिळालेली नाही.

कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर ती 1960 च्या दशकातच राबवली गेली. घरगुती संगणकावर ती आणली 1998 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या व्हीएमवेअरने, पण तिचे मुख्य सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागे. इनोटेक या जर्मन कंपनीने 2007 च्या जानेवारीत व्हर्च्युअलबॉक्सची खुली आवृत्ती सर्वांना दिली आणि विद्यार्थ्यांची सोय झाली. पुढच्या वर्षी ही कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने घेतली, आणि 2010 मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. मालक बदलले तरी व्हर्च्युअलबॉक्स फुकटच राहिले. व्हीएमवेअरही 2023 च्या नोव्हेंबरात ब्रॉडकॉमने विकत घेतली, आणि वर्षभराने तिचे वर्कस्टेशन प्रो घरगुती आणि व्यावसायिक दोन्ही वापरासाठी फुकट झाले. ते वेगाला चांगले आहे. मात्र ते उतरवून घेण्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते, आणि तिथे नेमकी फाइल शोधता शोधता मुले कंटाळतात. आम्ही पाहिलेल्या दहापैकी आठ ठिकाणी व्हर्च्युअलबॉक्सच होते.

मुलांच्या अनुभवात पहिली तक्रार एकच, आणि ती सगळीकडे ऐकू आली. सॉफ्टवेअर बसते, पण आतला संगणक सुरूच होत नाही, नाहीतर यादीत 64 बिटचा पर्यायच दिसत नाही. कारण साधे आहे. प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय पुष्कळ संगणकांत कारखान्यातूनच बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना एफ2, एफ10 किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जायचे आणि ती चालू करायची. इंटेलच्या यंत्रात तिचे नाव व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असते, एएमडीच्या यंत्रात एसव्हीएम. धुळ्याच्या एका मुलाने एवढ्यासाठी चार दिवस घालवले, लॅपटॉपच खराब आहे असे घरी सांगून टाकले, आणि शेवटी कॉलेजच्या लॅबमधल्या सहायकाने दोन मिनिटांत काम करून दिले.

दुसरी गोष्ट कासवाची. खिडकीच्या खालच्या पट्टीत कधी कधी एक छोटे हिरवे कासव दिसते. मुलांना ते गमतीचे वाटते, पण ती खूण आहे. विंडोजचे स्वतःचे हायपर-व्ही आधीच प्रोसेसरचा ताबा घेऊन बसले आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावे लागते आहे, असा तिचा अर्थ. मग सगळे कासवाच्याच चालीने चालते. विंडोज 11 मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सुरक्षेची सोय चालू असली की बहुधा असे होते. ती बंद केल्यावर वेग येतो, पण संगणकाचे एक संरक्षण कमी होते. ज्या संगणकावर घरचे बँकेचे व्यवहार होतात त्यावर आम्ही ती बंद करणार नाही. थोडे हळू चालले तरी चालेल.

मेमरीचा हिशेब मात्र चुकवता येत नाही. चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर आतल्या मेहमानाला दोन जीबी दिले की मेजबानच उपाशी राहतो आणि माऊसचा बाणसुद्धा अडखळतो. आठ जीबी आणि एसएसडी असेल तर काम सुखाने होते. जळगावात गोलाणी मार्केटमध्ये जाऊन मुले पहिल्यांदा रॅम वाढवून आणतात ते याचसाठी. तेवढे जमत नसेल तर उबुंटूच्या मुख्य आवृत्तीचा हट्ट सोडून लुबुंटू किंवा लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. शिकायच्या आज्ञा त्याच असतात. उबुंटूची फाइल आता पाच जीबीच्या वर गेली आहे, आणि मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत ती उतरत नाही. म्हणून कॉलेजातून पेनड्राइव्हवर एकाने आणायची आणि वर्गाने वाटून घ्यायची, ही रीत पडली आहे. लिनक्सच्या बाबतीत असे वाटणे पूर्णपणे कायदेशीर आहे, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

यातली सर्वांत कामाची सोय स्नॅपशॉट. आतला संगणक नीट चालू असताना त्याचे एक चित्र साठवून ठेवायचे. पुढे काही बिघडले की त्या चित्रावर परत यायचे. मेहरूणच्या त्या विद्यार्थिनीने आपले लिनक्स मुद्दाम तीनदा मोडले. महत्त्वाच्या फाइली पुसल्यावर काय होते ते तिला बघायचे होते. लॅबमध्ये तिला हे कोणी करू दिले नसते, आणि घरच्या खऱ्या संगणकावर तर नाहीच. मुलींच्या बाबतीत आम्हाला हे फार महत्त्वाचे वाटते. मुलगा संध्याकाळी मित्राच्या दुकानात बसून चार संगणक खोलून बघतो. मुलीला ती मोकळीक क्वचित मिळते. घरातच मोडून बघायला एक संगणक मिळाला की तो फरक बराच कमी होतो.

आता विजेचे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, लॅपटॉप तापतो आणि त्यात वीज जाते. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर आतला संगणक चालू असताना वीज गेली तर त्याची डिस्क-फाइल खराब होऊ शकते. वीज जाणार असे वाटले की ‘सेव्ह स्टेट’ करावे. सगळे आहे तसे गोठते आणि नंतर तिथूनच सुरू होते. आणि महिन्यातून एकदा ती आख्खी फाइल बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवावी. कारण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला.

विद्यार्थ्यांचे हे झाले. आम्हाला जास्त गुंतवून ठेवले ते उर्दू डीटीपीवाल्यांच्या अनुभवाने.

उर्दूची नस्तालीक लिपी संगणकावर येणे सोपे नव्हते. अक्षरे तिरपी उतरतात, एकमेकांवर चढतात. फार काळ वर्तमानपत्रेसुद्धा कातिबांच्या हातानेच लिहिली जात. मिर्झा अहमद जमील यांच्या खुशखतीवरून मोनोटाइप कंपनीच्या मदतीने नूरी नस्तालीक तयार झाली, आणि 1981 मध्ये लाहोरचे ‘जंग’ तिच्यात छापले जाऊ लागले. 1994 मध्ये एका भारतीय कंपनीने इनपेज आणले आणि हीच लिपी साध्या संगणकावर आली. पुढची पंधरा-वीस वर्षे आपल्या भागातल्या शादीच्या पत्रिका, उर्दू शाळांच्या प्रश्नपत्रिका, मदरशांचे अहवाल, जलशांची पत्रके आणि मुशायऱ्यांच्या पुस्तिका इनपेजमध्येच झाल्या.

त्या फाइली आज अडकल्या आहेत. इनपेजच्या जुन्या आवृत्त्या युनिकोडच्या नाहीत. त्या विंडोज 98 आणि एक्सपीच्या काळातल्या. नव्या संगणकावर त्या कुठे उघडतात, कुठे अक्षरे तुटतात, कुठे प्रिंट निघत नाही. इथल्या एका उर्दू शाळेच्या मुअल्लिमांकडे वीस वर्षांचे काम सीडींवर होते, त्यात शाळेच्या स्थापनेपासूनची माहिती गोळा करून केलेली एक स्मरणिकाही. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या. ज्यांनी ती माहिती सांगितली ते बुजुर्गही आता हयात नाहीत. म्हणजे जे काही उरले होते ते त्या सीडीत.

त्यांच्या भाच्याने व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपीचा मेहमान उभा केला. एक्सपीला 512 एमबी मेमरी पुरते, त्यामुळे साधा लॅपटॉपही चालला. गेस्ट ॲडिशन्स नावाचा जोड बसवल्यावर बाहेरचे एक फोल्डर आत दिसू लागले. त्यातून फाइली आत नेल्या, इनपेजमध्ये उघडल्या आणि आतच पीडीएफ करणारे फुकट सॉफ्टवेअर बसवून पाने बाहेर काढली. पीडीएफ झाले म्हणजे छापता येते, पण मजकूर बदलता येत नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये नेण्याचे दुसरे काम सुरू झाले. त्यासाठी फुकट साधने आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नये. हम्जा, आकडे, इंग्रजी शब्दांच्या जागा चुकतात आणि ओळ न् ओळ मूळ पानाशी ताडून बघावी लागते. कुराणातील आयती असलेली पाने तर यंत्राने बदललेली वापरूच नयेत. ती मान्य प्रतीवरून नव्याने घ्यावीत आणि हाफिज साहेबांकडून तपासून घ्यावीत.

एक्सपीच्या मेहमानाचे इंटरनेट मात्र बंदच ठेवावे. मायक्रोसॉफ्टने त्याची सुरक्षा 8 एप्रिल 2014 रोजी थांबवली आहे. सेटिंगमध्ये नेटवर्कचा अडॅप्टर काढून टाकला की झाले.

मराठीतही हीच कथा आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांतले मस्जिद ट्रस्टचे ठराव, बचत गटांच्या नोंदी आणि जुन्या अर्जांचे नमुने पुष्कळ ठिकाणी पडून आहेत. तो फाँट नसलेल्या संगणकावर त्यांची नुसती इंग्रजी चिन्हे दिसतात.

आता एक अवघड प्रश्न. आतला एक्सपी आणि इनपेज आले कुठून? व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे म्हणून त्यात बसवलेले विंडोज फुकट होत नाही. त्याचे वेगळे लायसन्स लागते. संगणकासोबत आलेल्या विंडोजचे लायसन्स त्या संगणकापुरतेच असते. वेगळे विकत घेतलेले मात्र दुसरीकडे नेता येते. इनपेजच्या चोरीच्या प्रती एके काळी सर्रास चालत आणि ‘सगळेच वापरतात’ हे उत्तर तयार असे. ते दीनी मासिकाच्या वाचकाला शोभणारे नाही. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1988 च्या डिसेंबरात कुवेतच्या अधिवेशनात लेखन, शोध आणि व्यापारी नावांचे हक्क शरीअतने संरक्षण दिलेले हक्क मानले आणि ते हिरावून घेणे नाजायज ठरवले. ज्या मुअल्लिमांचा उल्लेख वर आला त्यांच्याकडे जुन्या संगणकासोबत वेगळ्या विकत घेतलेल्या दोन्ही सीडी पावतीसह होत्या, म्हणून त्यांचे काम निभावले. ज्यांच्याकडे तसे काही नाही त्यांनी निदान इनपेजची आजची आवृत्ती रीतसर घ्यावी. रोज उर्दूचे काम करणाऱ्या दुकानाला तर तोच सरळ रस्ता आहे, व्हर्च्युअल मशीनचा द्राविडी प्राणायाम करण्याची गरज नाही.

खुद्द व्हर्च्युअलबॉक्समध्येही फुकटचे दोन प्रकार आहेत. मुख्य सॉफ्टवेअर जीपीएलखाली आहे, घर असो वा दुकान, कुणीही वापरावे. पण ‘एक्स्टेन्शन पॅक’ नावाचा वेगळा जोड फक्त वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरासाठी मोफत आहे. दुकानात तो बसवायचा तर पैसे भरावे लागतात. धुळ्याच्या एका डीटीपीवाल्याला हे आमच्याकडूनच कळले. त्याने तो जोड त्याच संध्याकाळी काढून टाकला, आणि काढल्यावर त्याचे काहीच अडले नाही. तो त्याला कधी लागलाच नव्हता.

मुलांना विंडोज शिकायचेच असेल तर मायक्रोसॉफ्ट विंडोज 11 एंटरप्राइजची 90 दिवसांची चाचणी प्रत देते, ती आत बसवता येते. लिनक्सला तर मुदतच नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतूनही आहेत, तेही फुकट. ते बाहेरच्या खिडकीत लावायचे आणि शेजारच्या आतल्या खिडकीत करून बघायचे. एक खूण लक्षात असू द्या. माऊस आतल्या खिडकीत अडकला आणि बाहेर येईना, तर उजव्या बाजूचे कंट्रोल बटण एकदा दाबा.