मध्यरात्रीची पोटदुखी आणि रोबो

शस्त्रक्रियेचा रोबो स्वतःहून कापत नाही. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसून त्याचे हात हलवतो. समोर मोठे त्रिमितीय चित्र दिसते, हाताची थरथर गाळली जाते. ‘दा विंची’ या रोबो-यंत्राला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. मुलांमध्ये त्याचा खरा उपयोग ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांत होतो. मूत्रपिंडाच्या तोंडाशी अडलेली वाट मोकळी करणारी पायलोप्लास्टी हे त्याचे ठळक उदाहरण.

तातडीच्या वेळी गणित बदलते. यंत्राची नेहमीची अवजारे ८ मिलिमीटर जाडीची. साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत लहानग्यांना ३ ते ५ मिलिमीटरची चालतात. बाळाच्या वीतभर पोटावर रोबोचे हात एकमेकांवर आपटतात. शिवाय जोडणीला वेळ लागतो आणि सराव असलेली टीम रात्री हजर हवी. अपेंडिक्स दुर्बिणीने उत्तम निघते; तिथे रोबोचा हट्ट कशाला?

म्हणून रोह्याजवळच्या कोलाडमधल्या पालकांनी यंत्रापेक्षा घड्याळ पाहावे. वृषणाला पडलेला पीळ साधारण ६ तासांत सोडवावा लागतो. मुलगा लाजून नुसतेच ‘पोटात दुखतंय’ म्हणतो, तेव्हा चड्डी काढून बघाच. तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ असू शकतो. सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन लावा, रोह्याचे उपजिल्हा रुग्णालय गाठा. मुलांसाठीचे मुंबईतल्या परळचे वाडिया रुग्णालय कोलाडहून शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. वाटेत पोराला काही खाऊ-पिऊ घालू नका. भूल द्यायची तर पोट रिकामे लागते.