नोकरी सांभाळून अभियंत्याने पुढे कसे शिकावे?

आपल्या वस्त्यांमधले अनेक तरुण डिप्लोमा करून एमआयडीसीत लागतात. घर चालते, पण पदवी नसल्याने बढती अडते. मग ‘घरबसल्या बी.ई.’ देणारे एजंट गाठतात. आम्ही सावध करतो : अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यतेविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली गदा आणली. पैसा गेला, वर्षेही गेली.

खरा मार्ग आहे. एआयसीटीईने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेतील पदवी वर्गांना मान्यता दिली आहे. डिप्लोमाधारकाला त्यात थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. मात्र नोकरीचा अनुभव सिद्ध करावा लागतो. कंत्राटी कामगार इथेच अडतात. म्हणून नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्या जपा, अनुभवाचा दाखला लेखी मागा.

पदवीधरांनीही थांबू नये. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे ४, ८ व १२ आठवड्यांचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षा शुल्क. ते पदवीची जागा घेत नाही, पण हाताला नवे कौशल्य देते.

प्रवेशाआधी महाविद्यालयाची मान्यता स्वतः तपासा. एजंटच्या शब्दावर विसंबू नका.